‘टू’च्या पुढे काय लावायचं

७ जानेवारी २०२५, मंगळवार

डायरी सुरू. वर्षाला सात दिवस झाले, पण आधी चांगलं पेन मिळत नव्हतं आणि मग सर्दी. संकल्प तीन. सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या. चहात साखर बंद. आणि हेमाला इंग्रजी शिकवणे.

तिसरा महत्त्वाचा. आमच्या लेकीला, श्रियाला, मे महिन्यात बाळ होणार, म्हणजे एप्रिलमध्ये आम्हा दोघांना इंग्लंडला, लीड्सला जावं लागणार. तिथे बोलण्याची बाजू माझी. इमिग्रेशन, डॉक्टर, दुकानं, शेजारी. हेमाकडे डिंकाचे लाडू आणि बाळाची अंघोळ. तरी एखाद्या वेळी मी बाथरूममध्ये असलो आणि बेल वाजली, तर तिला चार वाक्यं यायला हवीत. रोज अर्धा तास द्यायचं ठरवलं. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कंपनीत एकतीस वर्षं पत्रव्यवहार विभाग सांभाळला. ते ज्ञान रिटायर झाल्यापासून पडूनच आहे.

संध्याकाळी हे सांगायला गेलो तर हेमा घरात नाही. पावणेसातला आली. म्हणाली, इंग्रजी बोलायचा क्लास लावलाय. मंगळवार-गुरुवार, पाच ते साडेसहा. इथेच गोखले रोडला, दवाखान्याच्या वर. आपला विनीत घेतो ना.

आपला.

मी काही विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. फक्त शब्द लिहून ठेवतो.

९ जानेवारी, गुरुवार

४.५० हेमा गेली. लिंबाच्या रंगाची कोटा साडी. ही साडी श्रियाच्या साखरपुड्यानंतर कपाटाबाहेर आली नव्हती.

६.३५ मी गॅलरीत. सहज.

६.५२ आली. क्लासपासून घर चालत सहा मिनिटं. सोळा मिनिटं शिल्लक राहतात. भाजीची पिशवी रिकामी.

स्वतःहूनच म्हणाली, विनीत सर इतकं छान समजावतात, क्लास सुटल्यावरही कुणी उठत नाही.

सर. सत्तावन्न वर्षांची बाई. बत्तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलेली. ती एका एकतीस वर्षांच्या मुलाला सर म्हणते. वय मी त्याच्या फेसबुकवर पाहिलं. फोटोत हाताची घडी, कोरलेली दाढी, मागे ग्लोब. इंग्रजी बोलायला ग्लोब कशाला लागतो?

चहात साखर घेतली. आजचा दिवस धरायचा नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

क्लासला सुट्टी, त्यामुळे मन शांत. बाळकुमला व्याह्यांकडे तिळगूळ घेऊन गेलो. जावयाचे, म्हणजे अपूर्वचे, आईवडील तिथल्या कॉम्प्लेक्समध्ये बाराव्या मजल्यावर राहतात. सगळ्यांनी मिळून लीड्सला फोन लावला. श्रियाकडे तिच्या शेजारच्या बाई येऊन बसल्या होत्या. जन्माने इंग्रज, पण व्याकरण कच्चं. तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलेलो तेव्हा त्या ‘मी अँड माय सिस्टर’ म्हणाल्या आणि मी ते लगेच ‘माय सिस्टर अँड आय’ असं सुधारून दिलं. त्यानंतर तीन आठवडे त्या कुंपणाकडे फिरकल्या नाहीत. अभ्यास करत असणार.

आज हेमा त्यांच्याशी हवेबद्दल बोलली. मग बाई बोलल्या. मग पुन्हा हेमा. दोघी हसल्या. व्याहीण म्हणाल्या, हेमाताई, किती सहज बोललात हो. क्लास सुरू होऊन एक आठवडा. माझ्या एकतीस वर्षांबद्दल या घरात कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

मी फोन हातात घेईपर्यंत तिकडे बाईंना केक ओव्हनमधून काढायचा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते शांतपणे लिहितो.

हेमा क्लासहून आली. जेवताना म्हणाली, अहो, एक विचारू? तुमच्या पत्रांच्या शेवटी तुम्ही काय लिहायचात? म्हटलं, वुई लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू. एकतीस वर्षं. प्रत्येक पत्राच्या शेवटी. ती म्हणाली, मग ते चुकीचं आहे. विनीत सर म्हणाले, लुक फॉरवर्ड टू नंतर आयएनजी येतं. टू हिअरिंग.

मी तिला समजावलं. टूच्या पुढे क्रियापद साधं येतं, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. टू गो, टू ईट, टू हिअर. उद्या आय वॉन्ट टू ईटिंग म्हणशील का?

ती म्हणाली, तो टू वेगळा, हा वेगळा. मराठीत बघा. आपण एखाद्या गोष्टीकडे डोळे लावून बसतो. हा टू म्हणजे तो ‘कडे’. तुम्ही ‘भेटकडे डोळे लावून बसलोय’ म्हणता का? ‘भेटण्याकडे’ म्हणता. मग मीट कसं चालेल? मीटिंग.

मी म्हटलं, मीटिंग म्हणजे सभा.

ती हसली. माझ्यावर नाही हसली असं म्हणाली. मग कुणाच्या वाक्यावर हसली? हे ‘कडे’ प्रकरण तिचं नव्हे. तिच्या तोंडून दुसराच माणूस बोलत होता. माझ्या जेवणाच्या टेबलावर.

माझ्या त्या वाक्यावर आमचे पंप नैरोबीपर्यंत गेले. नैरोबीहून कुणी आयएनजी मागितलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश पाहिला. त्यात आयएनजी दिलंय. छपाईची चूक असावी.

दुसरा शब्दकोश पाहिला. त्यांनी पहिल्यावरून उतरवलेलं दिसतं.

१८ जानेवारी, शनिवार

त्र्यंबककडे गेलो. खोपटला एसटी डेपोच्या मागे राहतो. माझा शाळेपासूनचा मित्र, पस्तीस वर्षं इंग्रजीचा मास्तर. त्याला सरळ न विचारता आडून विचारलं. म्हटलं, माझ्या एका ओळखीच्यांना शंका आहे.

त्र्यंबक म्हणाला, आयएनजीच. नाहीतर नाम. लुक फॉरवर्ड टू द ट्रिप, लुक फॉरवर्ड टू गोइंग. मग म्हणाला, तू तर आयुष्यभर टू हिअर लिहिलंस की रे, माझ्या मुलाच्या नोकरीच्या अर्जातही तेच घातलेलंस.

म्हटलं, मग तेव्हा का बोलला नाहीस?

म्हणाला, तुला कोण सांगणार?

त्र्यंबकचं आता वय झालंय. फार ताणलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

हेमा घरात इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस करते. चांगली गोष्ट आहे, पण मार्गदर्शन नाही. आज मी पेपर वाचत असताना समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आय ॲम गोइंग टू लीड्स अलोन इन एप्रिल.

मी प्रेमानेच सुधारलं. अलोन नाही, अलाँग. आपण दोघं बरोबर जाणार, म्हणून अलाँग. सारखे उच्चार असले की नवशिक्यांचा गोंधळ होतो.

 ती आत गेली. पटलं असावं. तो विनीत अशा बारकाव्यांकडे बघत नाही, हे यातून सिद्ध झालं.

३० जानेवारी, गुरुवार

सोळा मिनिटांचा प्रश्न मिटवायचा ठरवलं. क्लासखालच्या दवाखान्यात जाऊन बसलो. बाकावरून जिना नीट दिसतो. नुसतं बसता येत नाही म्हणून नंबर लावला.

५.४० वरून हसण्याचा आवाज. वीसएक माणसं. त्यात हेमाचं हसणं वेगळं ओळखू आलं. घरात ते हल्ली ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्री करायला थोडा वेळ लागला.

६.१० माझा नंबर आला. काय होतंय विचारलं. काहीच होत नव्हतं. डॉक्टरांनी तरी ब्लडप्रेशर घेतलं. वाढलेलं निघालं. गोळी लिहून दिली.

६.३० ते ६.४५ केमिस्टच्या रांगेत. जिना दिसला नाही.

घरी आलो तर हेमा आधीच आलेली. कुठे होतात विचारलं. फिरायला, म्हटलं. ती म्हणाली, अरे वा, संकल्प पाळताय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवा शर्ट. मिशीला रंग. कारण काही नाही, साठीच्या आत माणसाने नीटनेटकं राहायला हवं. हेमाने पाहिलं, पण फोनवर क्लासच्या ग्रुपमध्ये काहीतरी लिहीत होती. मग मान वर करून म्हणाली, आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू ट्रॅव्हलिंग बाय मायसेल्फ.

दोन चुका. ट्रॅव्हलिंग नाही, ट्रॅव्हल. यावर माझं मत बदललेलं नाही. आणि बाय मायसेल्फ होत नाही. प्रवास बाय प्लेन होतो, बाय ट्रेन होतो.

हेमा म्हणाली, तुम्ही वाक्य ऐकलंत का?

म्हटलं, ऐकलं म्हणून तर चुका सापडल्या.

मिशीबद्दल काही बोलली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

निर्णायक दिवस. हेमा डोंबिवलीला बहिणीकडे गेली. दर शनिवारी अकराला त्या क्लासमध्ये नवीन लोकांसाठी डेमो असतो. नाव बदलून जायचं, मागे बसायचं, दोन अवघड प्रश्न विचारून त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडायचं, असा प्लॅन.

रिसेप्शनवरच्या शिवानी नावाच्या मुलीला नाव सांगितलं, तानाजी मोरे. तिने एक पेपर हातात दिला. तीस मार्कांची टेस्ट, कुठल्या बॅचला घालायचं ते ठरवायला. मी नाही म्हणू शकलो असतो, पण संशय आला असता.

तीसपैकी तेरा.

हे स्पष्ट करायला हवं की तानाजी मोरे या माणसाला साजेसे मार्क पडावेत म्हणून मी काही ठिकाणी मुद्दाम चुकलो. किती ठिकाणी ते आता आठवत नाही. शिवानी म्हणाली, काका, तुमची फाउंडेशन बॅच. टेन्शन घेऊ नका.

हेमा इंटरमीजिएटला आहे.

मग तो आला. फोटोपेक्षा बुटका. पेपर बघितला, मला बघितलं आणि हळूच म्हणाला, तुम्ही चौबळबाईंचे मिस्टर ना?

बाई. शाळेतली पोरं बोलतात तसं.

मग तो सांगायला लागला. आठवीत गणितात नापास झालेलो. वडील वारलेले त्याच वर्षी. बाईंनी वर्षभर रविवारी घरी बोलावून शिकवलं, तुमच्याच हॉलमध्ये. तुम्ही आत झोपलेले असायचात. बाई म्हणायच्या, हळू बोल, काका उठतील. मी म्हणून तर हळू बोलायला शिकलो, आणि आता लोकांना मोठ्याने बोलायला शिकवतो. एवढं बोलून हसला. डोळ्यांत पाणी होतं, किंवा चष्मा नसल्यामुळे मला तसं वाटलं.

म्हणजे ओळख आजकालची नाही. अठरा वर्षांची. माझ्याच घरात, मी झोपलेलो असताना. हे तर मला वाटलं होतं त्यापेक्षाही वाईट निघालं.

हेमाला सांगू नका, एवढं बोलून उठलो. तो म्हणाला, नाही सांगणार काका.

अवघड प्रश्न विचारायचे राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याने शब्द पाळला. पण पेपर तपासून झाले की ते टेबलावर पडलेले असतात, आणि हेमा बत्तीस वर्षं पेपर बघत आलीय. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, फाउंडेशनला कुणी तानाजी मोरे येणारेत. अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे.

मी म्हटलं, मोडी शिकलेल्या घराण्यांतून असं अक्षर येतं.

ती म्हणाली, असेल. तेरा म्हणजे वाईट नाहीत. फाउंडेशन मंगळवारी तीनला असते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की यायला लाजू नका.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

९ मार्च, रविवार

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. ती जात होती, येत होती, मी वेळा मनात ठेवत होतो.

आज क्लासचा कार्यक्रम. प्रत्येकाने घरच्यांसमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. मी वही घेऊन तिसऱ्या रांगेत. चुका टिपून नंतर तिला शांतपणे दाखवायच्या, म्हणजे शिकवण्याचा दर्जा तिच्या लक्षात येईल.

हेमा सहावी. तीच लिंबाच्या रंगाची साडी. हातात कागद नाही. विषय होता, मी कशाकडे डोळे लावून बसलेय.

म्हणाली, बाळाला पहिल्यांदा उचलून घेण्याकडे. लुकिंग फॉरवर्ड टू होल्डिंग द बेबी. एकटीने दुकानात जाऊन कोथिंबीर मागण्याकडे, आणि ती त्यांच्याकडे नसेल तर दुसरं काय आहे ते विचारण्याकडे. बसमध्ये चढून ड्रायव्हरला कुठे जायचंय ते स्वतः सांगण्याकडे. कुणीतरी मला काही विचारण्याकडे, आणि उत्तर मीच देण्याकडे. मी वर्गात पोरांशी आयुष्यभर बोलले, ती म्हणाली, पण इंग्रजी सुरू झालं की माझ्या बाजूने नेहमी दुसरं कुणीतरी बोलतं. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मला फक्त माझा आवाज त्या भाषेत कसा येतो ते ऐकायचंय. शेवटी म्हणाली, अँड आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू ट्रॅव्हलिंग बाय मायसेल्फ.

लोक उठून उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. विनीतने वाकून नमस्कार केला, सगळ्यांसमोर.

वहीत मी सात वेळा आयएनजी लिहिलं होतं. माझं नाव कुठे येतं ते बघत होतो. आलं नाही.

परत येताना मी तिला एवढंच सांगितलं की छान झालं, फक्त ते बाय मायसेल्फ पुन्हा राहिलं. बाय प्लेन.

हेमा थांबली. फुटपाथवर, भाजीवाल्या ठमाबाईच्या टोपलीपाशी. मराठीत म्हणाली, अहो, तिकीट एकच काढलंय. बारा एप्रिलचं. तीन महिन्यांसाठी. मी एकटी जातेय.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, मी दोनदा सांगितलं तुम्हाला. हिंमत करून सांगितलं, इंग्रजीत सांगितलं म्हणजे सोपं जाईल असं वाटलं. दोन्ही वेळा तुम्ही माझं वाक्य दुरुस्त केलंत.

ठमाबाईने विचारलं, ताई, मेथी देऊ का? हेमाने दोन जुड्या घेतल्या. घरी आल्यावर दोघांनी मिळून निवडल्या.  मेथीत देठ फार निघाले.

१० मार्च, सोमवार

श्रियाला फोन केला. यामागे कोण आहे ते मला माहीत आहे, असं स्पष्ट बोललो. विनीतचं नाव घेतलं.

श्रिया म्हणाली, कोण विनीत? तिकीट मी काढलंय बाबा.

मग म्हणाली, मागच्या वेळी आई इथे तीन आठवडे होती आणि ती बाहेर एक वाक्यही बोलली नाही. शेजारच्या बाईंनी तिला नाव विचारलं, तेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही या ना, नक्की या. पण आधी तिला येऊ द्या.

म्हटलं, मग माझ्याशी कुणी का बोललं नाही?

श्रिया म्हणाली, आईला फोन द्या बाबा. दिला.

२० मार्च, गुरुवार

संकल्प: हेमा जाईपर्यंत तिचं एकही वाक्य सुधारायचं नाही.

संध्याकाळपर्यंत पाळला. रात्रीच्या जेवणाला ती डिशेस म्हणाली आणि मी पाणी प्यायलो. प्लेट्स म्हणायला हवं होतं. पाणी तीन ग्लास झालं.

१२ एप्रिल, शनिवार

एअरपोर्ट. आत जायची परवानगी फक्त तिकीटवाल्यांना. काचेतून पाहिलं. काउंटरवरच्या मुलीने काहीतरी विचारलं. हेमाने उत्तर दिलं. मुलीने पुन्हा विचारलं. मी काचेला हात लावून तयार होतो, काही अडलं तर खुणेने सांगता येईल म्हणून. हेमा हसली, मुलगी हसली, बॅग पट्ट्यावरून आत गेली.

अडलं नाही.

तिने वळून हात केला. मी हात करेपर्यंत मध्ये एक मोठं कुटुंब आलं.

घरी आलो. फ्रिजवर डबे कुठे, गॅसचं पुस्तक कुठे, बीपीची गोळी कधी, याची यादी. मराठीत. माझी गोळी तिला माहीत होती.

२२ एप्रिल, मंगळवार

४.५० ला गॅलरीत जाऊन उभा राहिलो. का ते कळलं नाही. मग खाली उतरलो, दवाखान्यापर्यंत गेलो, बाकावर बसलो. नंबर लावला नाही.

क्लास सुटल्यावर विनीत जिन्यातून उतरला. थांबला. म्हणाला, काका, बाई पोचल्या ना नीट? मी हो म्हटलं. म्हणाला, वर या ना, चहा घेऊ. मी म्हटलं, मला फक्त हे सांगायचं होतं की ते ‘कडे’चं उदाहरण चांगलं आहे.

तो म्हणाला, ते माझं नाही काका. बाईंनीच सांगितलं वर्गात. मी गेले तीन महिने सगळ्या बॅचेसना त्यांच्या नावाने शिकवतोय.

चहा घेतला. दोन चमचे साखर. फाउंडेशनच्या बॅचमध्ये एक जागा रिकामी आहे म्हणाला. मी विचार करतो म्हटलं. फॉर्मवर खरं नाव लिहिलं.

६ मे, मंगळवार

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. श्रियाने फोटो पाठवला. फोटोत बाळ हेमाच्या हातात. हेमा कॅमेऱ्याकडे बघत नाही.

तीन वाजता क्लास. लोकांना पेढे दिले. आजचा धडा नेमका तोच. विनीतने एकेकाला उभं करून विचारलं, व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू? शिवानीचा भाऊ नोकरीकडे. एक गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालण्याकडे. माझी पाळी आली. उभा राहिलो. आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू, एवढं स्पष्ट म्हणालो. नियम पाठ होता. आयएनजी तयार होतं. त्याच्या आधी लावायला क्रियापद सापडेना.

 विनीत म्हणाला, टेक युअर टाइम. मी टाइम घेतला. मग खाली बसलो. पंख्याचा आवाज फार होता.

२५ मे, रविवार

हेमाचा ईमेल आला. मला आलेला पहिला. आख्खा इंग्रजीत, अकरा ओळी.

नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. टेबलावर बसून लाल पेनाने वाचायला घेतली. पहिल्या तीन ओळी बाळाच्या. मग हवा. मग शेजारच्या बाईंबरोबर ती दर बुधवारी बाजारात जाते, त्या तिला वाफेवरचं पुडिंग शिकवतात आणि ही त्यांना थालीपीठ. मग लिहिलंय की श्रियाची रजा कमी पडतेय, म्हणून जुलैत येणार नाही, ऑक्टोबरमध्ये येईन. तुमची तब्येत सांभाळा. क्लासला जाताय ते विनीत सरांकडून कळलं, फार बरं वाटलं. शेवटी, आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.

तीनदा वाचलं. चूक नाही. स्वल्पविरामही जिथल्या तिथे. पेनाचं टोपण लावलं.

उत्तर लिहायला बसलो. कंपनीत नऊ हजारांच्या आसपास पत्रं लिहिली असतील. हेमाला एकही लिहिलेलं नाही, मराठीतही. ती सदतीस वर्षं घरातच होती, गरज पडली नाही.

डिअर हेमा, एवढं झालंय. दुपारी जेवून पुन्हा बसलो. अजून तेवढंच आहे.

मंगळवारी क्लासला लवकर जाईन. पुढे काय लिहायचं ते सरांना विचारावं लागेल.